दाजींची दाद

विठोबा जगदाळे हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे दाजी. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. ती पदवी मी घेतली की दाजींनी मला घ्यायला लावली, हे अजूनही मला नीट सांगता येत नाही. आमच्या वाडीत शाळा सातवीपर्यंतच होती. ती संपली तेव्हा दाजी आले, माझी वळकटी सायकलच्या मागे बांधली आणि मला त्यांच्या तालुक्याच्या गावी घेऊन गेले. तिथे त्यांची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या माडीवरची खोली मला देत म्हणाले, "मेव्हणं, खाली दळाण, वर अभ्यास. दोन्हीत खडा ऱ्हाता कामा नये." शाळकरी पोराला 'मेव्हणं' म्हणून मान देणारा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

फेब्रुवारी सरत आला की ती माडी मला आठवू लागते. यंदा जरा जास्तच, कारण यंदा माझी मुलगी दहावीला आहे. धायरीतल्या आमच्या सोसायटीत परीक्षेचा हंगाम लगेच कळतो. खालच्या अंगणात चेंडूचा आवाज नसतो, जिन्यात माणसं दबक्या आवाजात बोलतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर सूचना येते: "परीक्षा सुरू आहेत. आपला टीव्ही आपल्यापुरताच वाजवावा. मालिकेत पुढे काय होणार हे जाणून घेण्याची आम्हाला उत्सुकता नाही." बाहेर ऊन तापू लागलेलं असतं, पहाटे मात्र अजून पांघरूण लागतं. असल्या अर्धवट दिवसांत मला एका जागी बसवत नाही. परीक्षा मुलीची असते आणि येरझाऱ्या मी घालतो.

माझ्या दहावीच्या वेळीही असंच व्हायचं. नवी ज्वारी बाजारात आलेली असायची. गिरणीसमोर डब्यांची रांग लागायची आणि जात्यातून निघालेल्या गरम पिठाचा वास माडीच्या फळ्यांमधून वर यायचा. पट्टा फिरायचा, फळ्या थरथरायच्या आणि माझ्या वहीतली अक्षरंही थरथरत उमटायची. गावातल्या इतर घरांत तेव्हा टीव्हीवर चादर पडायची. दाजींनी ती कधी टाकली नाही. ते म्हणायचे, "झाकला की पोराचं डोस्कं टीव्हीतच ऱ्हातंय. बघा अन् उठा." मग रविवारी सकाळी आम्ही कार्टून बघायचो. संध्याकाळी जुना सिनेमा, आणि मधल्या वेळात रेडिओवर गाणं. शेजारपाजारचे लोक अक्काला म्हणायचे, "तुमच्या भावाचं काय खरं न्हाई." अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती पदरानं पीठ झटकायची आणि आत जायची.

दाजी शिकलेले नाहीत म्हणजे चौथीपर्यंतच शिकलेले. गाणंही कुणाकडे शिकले नाहीत. पण देवळाच्या उत्सवात दरवर्षी गाण्याची मैफल व्हायची आणि तिथे दाजी गिरणी लवकर बंद करून, पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया तशाच ठेवून, पुढे जाऊन बसायचे. मला शेजारी बसवायचे. त्यांनी मला राग शिकवले नाहीत. दाद द्यायला शिकवलं. तालाचं एक आवर्तन पुरं होऊन गवई जिथे नेमका उतरतो ती सम. तिथे मान हलली पाहिजे. "आधी दिली तर शानपना," ते कानात सांगायचे, "मागनं दिली तर लाचारी. समंवर पडली तरच ती दाद." मी पहिल्यांदा बरोबर जागी 'वा' म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या काळ्या शर्टावर पाच पांढरी बोटं उमटली. दहावीच्या निकालाच्या दिवशीही त्यांनी थाप मारली असेल. मला आठवते ती देवळातली.

मी पुण्यात शिकलो, नोकरीला लागलो, कोथरूडच्या ऑफिसात खुर्ची मिळाली, धायरीत घर झालं. दाजी आता सत्तरीच्या पुढे गेलेत. गिरणी बंद झाली, तिच्या जागेत आता मोबाइलचं दुकान आहे. माझ्याकडून त्यांनी कधी काही घेतलं नाही. धोतरजोडी नेली तर म्हणायचे, "अक्काच्या भावानं आणली म्हणून घेतो, मेव्हण्यांनी आणली म्हणून न्हाई." एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडून मनापासून घेतली. रविवारची संध्याकाळ.

झालं असं की लोकांनी कुठल्या कुठल्या जुन्या टेपा, जुने सिनेमे, जुन्या मैफलींची चित्रणं इंटरनेटवर चढवून ठेवली आहेत. एके दिवशी मला त्यांत एक काळंपांढरं कार्टून सापडलं आणि मी दाजींना फोन लावला. त्यांच्याकडेही माझ्यासारखा इंटरनेटवरचं दाखवणारा टीव्ही होता. तेव्हापासून दर रविवारी आम्ही एकच गोष्ट दोन्हीकडे लावतो. मध्ये फोन चालू ठेवायचा. मोजणार दाजी: "येक, दोन, तीन, लाव!" आधी कार्टून, मग सिनेमाचा तुकडा, मग गाणं. हल्लीचे फोन मागचा आवाज गाळून टाकतात, फक्त बोलणाऱ्याचा पाठवतात. त्यामुळे मला त्यांचा टीव्ही ऐकू येत नाही, फक्त दाजी ऐकू येतात. माझ्या शेजारी बसल्यासारखे.

कार्टूनमध्ये एक कोल्हा कोंबड्याच्या मागे लागून पिठाच्या पोत्यात लपतो आणि शिंकतो. सगळा पडदा पांढरा होतो. तिकडून दाजी हसता हसता खोकायला लागतात.

"मेव्हणं, एवढं उडतंय म्हंजी मैदा हाय त्यो! ज्वारीचं असतं तर कोल्हा दिसला असता!"

सिनेमा तर त्यांना पाठ. तरुणपणी तंबूत बसून ते सिनेमे त्यांनी इतक्यांदा पाहिलेत की नायिकेनं तोंड उघडायच्या आत तिकडे दाजींचं वाक्य पुरं झालेलं असतं. माझी बायको सुप्रिया मूळची कोथरूडची. ती स्वयंपाकघरातून म्हणते, "दाजींना सांग, जरा नटांनाही बोलू द्या."

गेल्या काही महिन्यांपासून या संध्याकाळी बिघडल्या. बिघाड गाण्यातच होता. गवई समेवर यायचा, माझी मान हलायची, आणि फोनवर शांतता. मग एका आवर्तनाच्या अर्ध्यावर, भलत्याच जागी, "वा! क्या बात हाय!" कधी दाद यायचीच नाही. ज्यांनी मला सम दाखवली त्यांची दाद अशी वाटेल तिथे पडू लागली आणि मी अस्वस्थ झालो. दोष अर्थातच नेटवर्कला दिला. राउटर बदलला. तो हॉलमधून बेडरूमच्या दारात आणला, मग कपाटावर ठेवला. गाणं चालू असताना मी उठून त्याच्या दिव्यांकडे बघायचो.

सुप्रिया म्हणाली, "आता त्याला तानपुऱ्याच्या साथीलाच बसव."

दाजींनाही मी सांगत राहिलो, टीव्ही खिडकीजवळ घ्या, कंपनीत तक्रार करा. ते लगेच मान्य करायचे. "व्हय व्हय. नेटवर्कच खराब हाय आमच्या गावचं. लई खराब." इतक्या चटकन दाजींनी आजवर गावाला नावं ठेवली नव्हती. तेव्हाच मला काहीतरी लागायला हवं होतं, पण मी दिवेच बघत होतो.

एक गोष्ट मात्र टोचत होती. तेच नेटवर्क, तोच टीव्ही, पण कार्टूनमध्ये दाजींचं हसू कधी मागे पडायचं नाही. कोल्हा शिंकला की हसू. बरोबर तिथेच.

मुलीची सराव परीक्षा तोंडावर होती तो रविवार. हेडफोन तिच्या कानांवर, ऑनलाइन तास चालू. मी गाणं लावलं तशी ती आतून म्हणाली, "बाबा, प्लीज ना!" सुप्रिया बाहेर आली. "सुनील, आवाज बंद कर."

"अगं, गाणं आहे ते."

"मग? समोर गवई आहे, त्याचे हातवारे आहेत. बघ."

फोनवर दाजींना मी काही सांगितलं नाही. आवाज पूर्ण बंद करून बसलो. म्हटलं, गाणं नाही तर नाही, दाजी तरी ऐकू येतील.

मुक्या पडद्यावरचं गाणं फार विचित्र असतं. गवई डोळे मिटून हवेतून काहीतरी ओढून आणत होते, तबलजी मान वाकवून हसत होता, आणि मला काहीच कळत नव्हतं. आवर्तन कुठे सुरू झालं, कुठे चाललंय, काही नाही. पहिल्या रांगेत टोपीवाले एक आजोबा होते. नकळत मी त्यांनाच धरून बसलो. त्यांची मान खाली पडली. आणि त्याच क्षणी फोनमधून, "वा!"

मी दचकलो.

मग चित्रण करणाऱ्यानं कॅमेरा तानपुऱ्याकडे नेला आणि तिथेच ठेवला. तारा हलत होत्या, बाकी काही नाही. फोनही गप्प. कॅमेरा परत फिरला तेव्हा श्रोत्यांचे हात वर जाऊन खाली येत होते. सम होऊन गेली असणार. मी मनात म्हणालो, अरे, इथे काहीतरी झालं. आणि दाजी म्हणाले, "क्या बात हाय!"

गाणं संपेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. त्या मुक्या पडद्यासमोर दाजींची एकही दाद चुकली नाही. मी ऐकत होतो तेव्हाच फक्त त्यांची दाद चुकत होती.

गाण्यानंतर ते नेहमीसारखं म्हणाले, "आवाज काय लागलाय, मेव्हणं!" मी म्हणालो, "होय दाजी." आणि मग मुद्दाम, त्याच सुरात, त्यांना विचारलं, "आज जेवायला काय आहे?"

"व्हय व्हय," दाजी म्हणाले. "तसा गवई न्हाई आता."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून अक्काला फोन केला. ती आधी उडवून लावत होती.

"वय झालंया आता. थोडं कमी ऐकू येतंय."

"अक्का, थोडं?"

तिनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "आरं, त्यास्नी काय बोलू नगंस. मला देवाची आण घातलीया त्यांनी. म्हणत्यात, त्यो कामाचा माणूस हाय, ऐकू येत न्हाई म्हटल्यावर कशाला बसंल माझ्यासंगं? म्हातारपणी तेवढाच येक रविवार हाय, त्यो जाईल."

"मग कानाचं यंत्र का नाही घेतलं?"

"घेतलंय की. चार दिस घातलं. म्हणालं, सगळंच वाजतंय, भांडं, पंखा, चप्पल, समदं येकदम. कानात गिरणी चालू झाली म्हणालं. ठिवलंय डब्यात." मग म्हणाली, "लई जलम गेला त्यांचा त्या गिरणीत, सुन्या."

त्याच गिरणीच्या माडीवर माझी वही थरथरत होती. आमच्या दोघांच्या अंगातून एकच आवाज गेला होता. मी वरच्या मजल्यावर, तोही काही वर्षंच. ते त्याच्या शेजारी उभे, अख्खा जन्म. मी जिन्यातच उभा राहिलो. वरखाली जाणारे लोक "लिफ्ट बंद आहे का?" असं विचारून गेले.

आता प्रश्न होता तो असा. मला कळलंय हे दाजींना सांगावं, तर ते बसणं सोडतील. लाज वाटली की दाजी भांडत नाहीत, बाजूला होतात. न सांगावं, तर ते दर रविवारी पडद्यावरच्या अनोळखी माणसांच्या माना धरून बसणार, माझ्यासाठी. इतके दिवस मला वाटत होतं की ती संध्याकाळ मी त्यांना देतोय.

त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष लागलं नाही. एका संध्याकाळी ऑफिसातून येताना घराचं वळण आलं तरी गाडी वळवली नाही, सरळ खडकवासल्याला गेलो. धरणाच्या कडेला नेहमीची गर्दी होती. कणसं भाजत होती, पोरं ओरडत होती. मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि बघत राहिलो. कणीसवाली काहीतरी विचारत होती. तिच्या ओठांवरून मला कळेना, मीठ की तिखट की आणखी काही. मी नुसता हसलो आणि मान हलवली. तिनं माझ्या कणसावर एवढं तिखट चोळलं की डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या एका प्रश्नासाठी मला केवढा आटापिटा करावा लागला! दाजी दर आठवड्याला अख्खी संध्याकाळ हे करत होते आणि वर म्हणत होते, आवाज काय लागलाय.

पुढच्या रविवारी मी पळवाट काढली. कार्टून लावलं, दाजी खूप हसले. सिनेमाचा तुकडा झाला. मग मी मोठ्यानं, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणालो, "आज एवढंच बघू."

"गाणं न्हाई?"

"पोरीची परीक्षा आहे, दाजी."

त्यांना किती ऐकू आलं कोण जाणे. गाणं नाही, एवढं मात्र पोचलं असावं. मग ते म्हणाले, "बरं. ठिवू मग?" आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.

पुढचे दोन दिवस संध्याकाळी मी हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. शेवटी मुलगीच पुस्तक घेऊन बाहेर आली. "बाबा, तुम्ही बसा ना कुठेतरी. मला टेन्शन येतंय." सुप्रियानं माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "गप्प राहून तू त्यांचं गाणं वाचवत नाहीयेस. काढून घेतोयस. बोल त्यांच्याशी."

"कसं बोलू? फोनवर तर…"

इतकी वर्षं फोन हाताशी होता म्हणून मी दाजींना कधी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. आज त्या फोनचा काही उपयोग नव्हता. पण दाजींची नजर अजून पक्की आहे. अक्का सांगते, वर्तमानपत्र ते जाहिरातींसकट वाचतात. मुलीच्या टेबलावरून मी रेघांचे कागद घेतले. तिला वाटलं, अखेर बाबा बसले. खरंच बसलो होतो. जे लिहिलं, ते असं:

"तीर्थरूप दाजींना सुनीलचा साष्टांग नमस्कार.

शाळेत शिकवलं होतं की 'तीर्थरूप' फक्त आईवडिलांना लिहायचं, बाकी वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप'. तरी मुद्दाम तेच लिहिलं आहे. चूक काढू नये.

अक्कावर रागावू नका. तिनं नाही, मला कार्टूननं सांगितलं. मग एकदा टीव्हीचा आवाज बंद करून मी तुमच्याबरोबर गाणं बघितलं. मला त्या टोपीवाल्या आजोबांपलीकडे काही समजलं नाही. तुम्ही हे इतके महिने कसं निभावलंत? मी तर एका बैठकीत दमलो.

नेटवर्क चांगलं आहे, दाजी. आपल्या दोन्ही गावांचं.

मागच्या रविवारी पोरीच्या परीक्षेचं कारण खोटं होतं. तुम्हाला त्रास नको म्हणून गाणं टाळलं, आणि तुम्हाला वाटलं असेल की मला कंटाळा आला. मला कंटाळा आलेला नाही. तुमच्याशिवाय मला ते गाणं ऐकायचंच नाही. एकट्यानं ऐकून बघितलं. उठून पाणी प्यायलो, खिडकी लावली, परत उघडली आणि बंद केलं.

यंत्राचं बोलायचं तर मी येईन, डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ, त्यातला भांड्यांचा आवाज कमी करता येतो का ते विचारू. नाही जमलं तर नाही. रविवार त्यावर अवलंबून नाही.

आता रविवारचं असं ठरवलं आहे. पुढच्या वेळेपासून साधा फोन नको, व्हिडिओवर बसू. तुमचा फोन टीव्हीच्या शेजारी उभा करा, अक्का दाखवील. त्यात मी दिसेन. टोपीवाल्यांकडे बघू नका, त्यांच्यावरून कॅमेरा हलतो. माझ्यावरून हलणार नाही. सम आली की मी मान हलवीन, आणि तान चढत असेल तर हात वर नेईन. सुप्रिया म्हणते, मी त्यात बावळट दिसणार आहे. दिसू दे.

माझी मान चुकली तर शिव्या द्या. मोठ्यानं द्या. आणि मी उत्तर दिलं आणि तुम्हाला कळलं नाही, तर 'व्हय व्हय' म्हणू नका, 'काय?' म्हणा. मी लिहून कॅमेऱ्यासमोर धरीन. पोरीकडचे कोरे कागद आहेत भरपूर.

एवढंच मागणं आहे. ऐकायचं काम माझ्याकडे राहू दे. तुम्ही गप्प होऊ नका. तुम्हाला मी ऐकू येत नसेन, पण मला तुम्ही येता.

तुमचा,
सुनील"